षष्ठीला उजाडलंच नव्हतं

मास्तर,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायचा तर आधी आवाज आठवावा लागतो, आणि आवाज आठवला की पहिल्यांदा "गाढवा" हेच ऐकू येतं. मी आता पन्नाशी ओलांडली, दात हलायला लागले, कल्याणच्या शाळेत पोरं मलाच मास्तर म्हणतात, तरी ते "गाढवा" ऐकलं की पाठ ताठ होते. आज दुपारी ते ऐकावंसं वाटलं म्हणून लिहायला बसलोय. बसलोय म्हणजे कुठे, तर कल्याण आणि डोंबिवलीच्या मधल्या एका माळावर, पेंढ्यानं शाकारलेल्या झोपडीत. गावात गाठीचा ताप आहे. शाळा बंद, बाजार बंद, निम्मं गाव असंच शेतांतून झोपड्या घालून पडलंय. माझ्याबरोबर बायको आहे आणि मुलगी आहे. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि आठवडाभरात आम्हाला घर सोडावं लागलं. तिचे दिवस भरत आलेत. सुईण गावात आहे, ती इथवर यायला तयार नाही. गावात जावं तर ताप, इथं राहावं तर उन्हात तापलेली झोपडी आणि पोरीला धरायला जाणतं कुणी नाही. जायचं की थांबायचं, एवढाच प्रश्न आहे, आणि तो मला विचारतात, कारण मी गणिताचा मास्तर आणि माझ्याजवळ एक रेघ आहे. मी फार थकलोय, मास्तर. रेघ कसली ते सांगतो.

पण आधी ठाण्याची खाडी. तुम्हाला आठवत असेल, नसेलही, तुमच्या हाताखालून आमच्यासारखी किती गाढवं गेली असतील. बंदरावर तुम्ही एक बांबू रोवून घेतला होता, त्यावर कोयत्यानं खाचा मारल्या होत्या, आणि वर्गातल्या एकेका पोराला पाळी लावून दिली होती. भरती पुरी झाली की पाणी कुठल्या खाचेला लागलं ते बघून यायचं. पोरं खूश, कारण पाळी असली की शाळेतून सुटका, आणि बघता बघता खेकडे धरायला मिळायचे. मग महिना संपल्यावर तुम्ही फळ्यावर आडवी एक रेघ ओढलीत, उभी एक ओढलीत, आडवीवर दिवस, उभीवर खाचा, आणि म्हणालात, "आता ठिपके द्या आणि जोडा." आम्हाला वाटलं मास्तरांचं डोकं फिरलं. हे ना अंकगणित, ना भूमिती, ना परीक्षेला येणारं. पण ठिपके देत गेलो आणि फळ्यावर हळूहळू खाडी उमटली. पुनवेला उधाण म्हणून वर चढली, अष्टमीच्या आसपास भांगाची लहान भरती म्हणून खाली बसली, अवसेला परत वर. लहानपणापासून बघत आलेलं पाणी, पण सबंध महिन्याचं पाणी एकाच वेळी मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. अंगावर काटा आला होता. तुम्हाला सांगितलं नाही, सांगण्याची पद्धत नव्हती.

आणि त्याच दिवशी बोलणी खाल्ली. तुम्ही पाटीवर प्रत्येकाला आपली आपली रेघ काढायला सांगितली होती. मी आडव्या रेघेवर तारखा न घेता तिथ्या घेतल्या. भरती चंद्राची, तर दिवसही चंद्राचे घ्यावेत, असा माझा शहाणपणा. घरातलं जुनं पंचांग दप्तरातच होतं. त्यातली ओळीनं एकेक तिथी घेतली आणि दशमीपाशी अडलो. दशमीची खाच कुणी आणलीच नव्हती. मी मुकाट्यानं दशमीच्या जागी ठिपका खाली जमिनीवर, म्हणजे आडव्या रेघेवरच, ठेवला आणि रेघ जोडली. रेघ नवमीवरून सपकन खाली, जमिनीला टेकून परत एकादशीला वर. तुम्ही पाटी हातात घेतलीत, चष्मा कपाळावर ढकललात. "काय रे, दशमीला खाडी आटली होती? आटली होती तर मग चालत पलीकडे का नाही गेलास? होडीचा पैसा वाचला असता की!" सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मी म्हटलं, त्या दिवशी पाणी बघायला कुणी गेलं नसेल. तुम्ही म्हणालात, "गाढवा, दशमी क्षयाची होती. नवमीच्या दिवशी सूर्य उगवल्यावर ती लागली आणि दुसऱ्या दिवशी उगवायच्या आत संपली. तिला सूर्योदय मिळालाच नाही. जो दिवस झालाच नाही त्याचं पाणी तू कुठून मोजणार?" मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "पाणी नव्हतं आणि दिवस नव्हता, या दोन निराळ्या गोष्टी. शून्य लिहायलाही दिवस लागतो." मी मान डोलावली. तेव्हा कळलं नव्हतं, मास्तर. आठ-दहा वर्षांनी स्वतः शिकवताना कळलं.

गुरुवारी मी तुमच्याकडे जेवायला असे. गरिबाच्या पोरानं वार लावून शिकायचं तेव्हा चालायचं, आणि माझा गुरुवार तुमच्या घरी. काकूंचं स्वयंपाकघर अंधारं, चुलीच्या धुरानं वासे काळे झालेले, आणि आमटी मात्र अशी की अजून तोंडात आहे. एकदा आमटी कढत म्हणून मी फुंकर मारत बसलो होतो, तर तुम्ही पानावरूनच सुरू. "आत्ता कशी आहे?" "कढत." "आता?" "कढतच, पण पिववेल." "आता?" असं करत करत तुम्ही डाव्या हातानं चुलीतली राख पुढं ओढलीत आणि बोटानं तीत खाली एक आडवी रेघ ओढून तिच्यावर दुसरी काढलीत. आधी उतरती, चांगली सरळ खाली, मग हळूहळू आडवी होत गेलेली. "आमटी निवते ती अशी. आधी भराभर, मग सावकाश. आता सांग, ही रेघ त्या खालच्या रेघेला कधी टेकेल?" मी म्हटलं, थोड्या वेळानं टेकेल. "टेकत नाही. जवळ जाते, आणखी जवळ जाते, पण टेकली असं म्हणायला जावं तर थोडं राहिलेलंच असतं." काकू पळी घेऊन उभ्याच होत्या. म्हणाल्या, "टेको नाही तर न टेको, तुम्ही दोघांनी आमटीचं गार पाणी केलंत. राखेत हात घातलात तो आता कुठे पुसणार, धोतराला?" तुम्ही धोतरालाच पुसलात. मी आजही पोरांना ती रेघ शिकवतो तेव्हा राखेचा वास येतो आणि भूक लागते.

पुढं मी मास्तरकीला निघालो तेव्हा तुम्ही मला बारीक चौकटी छापलेल्या विलायती कागदांची एक चळत दिलीत. मुंबईहून कुणाकडून तरी आणवली होतीत. म्हणालात, "जपून वापर, इथं मिळत नाही." मी इतका जपून वापरला की पोरांना कधी हातही लावू दिला नाही. त्यांना खिळ्यानं पाटीवर चौकटी ओरबाडून द्यायचो. आणि काय सांगू, मास्तर, तुमच्यासारखं मला जमलं नाही. एकदा सांगितलं, एक माणूस कल्याणाहून भिवंडीला चालत गेला, तिथं बसला, मग परत आला, घरापासून तो किती लांब आहे ते रेघेनं दाखवा. रेघ वर चढली, जरा आडवी झाली, खाली उतरली. विचारलं, काय झालं सांगा. वर्गातला पहिला नंबर उभा राहून म्हणतो, "माणूस मलंगगडावर चढला, माथ्यावर दम खाल्ला आणि उतरला." मी कपाळावर हात मारून घेतला. भिवंडीचा रस्ता सपाट आहे रे बाबांनो! पण त्यांना डोंगर दिसला तो दिसलाच. दरवर्षी निराळी पोरं आणि दरवर्षी तोच मलंगगड. एकदा शाळा तपासायला डिप्टी आले, फळ्यावर ठिपके बघितले आणि विचारलं, "मास्तर, हा कशिदा कुणाचा?" हेडमास्तर माझ्याकडे असे बघत होते की मी फळा पुसून त्रैराशिक घेतलं. हळूहळू मग वर्षातून एकदाच खाडी काढायची असं झालं, तेही पोरांची परीक्षा उरकल्यावर. तुमच्या डोळ्यांत जे असायचं ते माझ्या डोळ्यांत नव्हतं, आणि पोरांना ते बरोबर कळतं.

तुमचे राहिलेले कागद मी या झोपडीत आणलेत. मागल्या खेपेला ताप आला तेव्हा माझा धाकटा भाऊ गावाबाहेर राहिला होता. लोक परतायला लागले, म्हणाले आता ओसरलं, म्हणून तोही परतला. चौथ्या दिवशी त्याला काखेत गाठ आली आणि त्यातच तो गेला. तेव्हा कुणी काही मोजलं नव्हतं, नुसतं "ओसरलं, ओसरलं" असं एकमेकांना सांगत होते. म्हणून या खेपेला इथं आल्या दिवसापासून मी ठिपके देतोय. लाकडाच्या वखारीतला माणूस रोज संध्याकाळी माळावरून घरी जातो, तो सांगतो आज किती सरणांची लाकडं गेली. दफनाचे आकडे आमच्या शाळेचा शिपाई सांगतो, त्याचं घर कबरस्तानाच्या अंगाला आहे. दोन्ही मिळवायचे आणि ठिपका द्यायचा. तारखेवर, मास्तर. तिथीवर नाही. ती चूक तरी माझ्या हातून आता होत नाही. जोडताना दर ठिपक्यापाशी थांबतो, कारण एकेका ठिपक्यात कुणाकुणाची आई आहे, कुणाचं पोर आहे, आणि वर कागद विलायती, गुळगुळीत.

मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. पण माळावर काय लपतं? आधी शेजारची झोपडी आली बघायला, मग तिच्या पलीकडची. आठवडाभरात "रेघ काय म्हणते?" हा रामराम झाला. सकाळी तांब्या घेऊन निघालो तरी वाटेत विचारायचे. ज्याचं शेत आहे तो आगरी म्हातारा रोज येऊन उकिडवा बसायचा. "मास्तर, तुमची रेग काय बोलतं? पावसाचे आदी मना शेत मोकला पायजे." मी म्हणायचो, बाबा, रेघ बोलत असती तर मी शाळेत तीस वर्षं घसा कशाला फोडला असता? तो हसायचा आणि परत विचारायचा. त्याला राग नव्हता, आम्ही त्याचं शेत अडवून बसलो तरी कधी भाडं मागितलं नाही की वाकडं बोलला नाही. मला मात्र राग यायचा. उभ्या जन्मात माझी रेघ कुणाला बघायची नव्हती, आणि आता बघायची होती ती अशी.

आमच्या माळावर एक पेन्शनर आहे. कचेरीत मोठा कारकून होता, अक्षर मोत्यासारखं, पागोटं झोपडीतसुद्धा नीट. माझ्या रेघेचा बोलबाला झाला ते त्याला खपलं नाही. त्यानंही वखारीतल्या माणसाला धरलं, तेच आकडे घेतले, आणि आपली रेघ काढली. तांबड्या शाईनं. फक्त त्यानं आडव्या रेघेवर पंचांग घेतलं. माळावर मुहूर्त, एकादशी, चतुर्थी सगळं तोच सांगायचा, तर तिथ्या घेणं त्याला ओघानंच आलं. पंचांगात छापलेल्या प्रत्येक तिथीला एक घर, आणि त्या पक्षातली षष्ठी क्षयाची. पुढचं तुम्हाला सांगायला नको. षष्ठीच्या घरात टाकायला आकडा नाही, म्हणून ठिपका जमिनीवर, आणि तांबडी रेघ पंचमीवरून सपकन खाली; सप्तमीला परत वर चढली, तिकडे कुणी बघेना. ती रेघ त्यानं आंब्याच्या खोडाला चिकटवली आणि जाहीर केलं, "वद्य षष्ठीस एकही मृत्यू नाही. रोगानं पाठ फिरवली." माळावर दिवाळी झाली, मास्तर! बायका एकमेकींना हळदकुंकू लावायला लागल्या. दुपारपर्यंत तीन झोपड्यांचं सामान बाहेर.

मी गेलो. जायला नको होतं, मला भांडता येत नाही, पण गेलो. म्हटलं, "अहो, षष्ठी क्षयाची होती. तो दिवस झालाच नाही." पेन्शनर म्हणाला, "मास्तर, म्हणजे पंचांग खोटं?" म्हटलं, पंचांग खरं आहे, पंचांगच सांगतंय क्षय म्हणून. तो म्हणाला, "क्षय म्हणजे नाश. रोगाचाच क्षय झाला षष्ठीला. शब्द काय उगाच असतात?" सगळे माना डोलवायला लागले. मी म्हटलं, "पंचमीला लाकडं गेली, दुसऱ्या दिवशी सप्तमी, सप्तमीलाही गेली. मधे दिवसच नाही. वखारवाल्याला विचारा." मागून कुणीतरी बाई म्हणाली, "मास्तरांना आपली रेघ मोठी करायचीय." आणि एक जण, माझ्याच शाळेत शिकलेला, चांगला दाढीमिशीवाला बाप्या, तो म्हणतो, "मास्तर, रेघ खाली टेकलीय हे डोळ्यांनी दिसतंय ना? मग?" गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. तीस वर्षं शिकवून माझ्या गावाला एक शून्य वाचता येत नाही. त्या संध्याकाळी गाड्या गेल्या. गेलेल्यांचं काय झालं ते मी विचारलेलं नाही. विचारलं तर त्यांचे ठिपके मलाच द्यावे लागतील.

आज सकाळी झोपडीत आलो तर बायकोनं बोचकं बांधायला घेतलेलं. म्हणाली, "पेन्शनर म्हणतात पाठ फिरली. गाडीवाल्याला निरोप दिलाय, परवा पहाटे निघू. पोरीच्या हाती-पायी सूज आलीय, सुईणीच्या नजरेखाली असलेली बरी." मी खाली बसलो. म्हटलं, "अगं, त्याची रेघ चुकलीय." "मग मला सांगा काय चुकलीय. मला सांगत नाही कधी काही, नुसते त्या कागदावर वाकून बसता. मी काय अगदीच ढ आहे?" खरंच, मास्तर, इतक्या वर्षांत तिला मी हे कधी दाखवलं नव्हतं. पुढ्यात ती वाल निवडत होती, त्यातलेच मूठभर घ्यायला गेलो तर माझा हात झटकला. "अहो, खायचे वाल आहेत ते! मढी कसली मोजता त्यांच्यावर! चिंचोके आहेत त्या मडक्यात, ते घ्या." चिंचोके घेतले. म्हटलं, सूर्य उगवला की एक ढीग, त्या दिवशी जेवढी माणसं गेली तेवढे चिंचोके, ओळीनं मांडत जा. मी आकडे सांगतोय, ती मांडतेय. चतुर्थी मांडली. पंचमी मांडली. मी म्हटलं, "आता षष्ठी." तिनं हात पुढं केला आणि थांबली.

"षष्ठी कुठून आणलीत? पंचमीला रात्री आडवी झाले ती उठले सप्तमीला. षष्ठीला मी उठलेच नाही, उजाडलंच नव्हतं तर." मी काही बोललो नाही. शिकवताना मास्तरानं गप्प कधी बसायचं हे तुम्हीच शिकवलंत. ती पुटपुटली, "ढीग कुठे ठेवू... रिकामी जागा सोडू का? पण जागा तरी कशाची सोडू? ज्या दिवशी सूर्यच उगवला नाही त्या दिवशी माणूस मेला नाही असं म्हणायचं, तर तो जेवलाही नाही म्हणा, शिंकलाही नाही म्हणा." आणि तिनं पंचमीच्या शेजारी, लगटून, सप्तमीचा ढीग मांडला. मग स्वतःवरच हसली. "एवढंच? एवढ्यासाठी गाड्या जुंपल्या लोकांनी? पेन्शनरना कळत कसं नाही?" म्हटलं, "त्यांना पेन्शन मिळते, त्यांना कळायची गरज नाही." कित्येक महिन्यांनी आम्ही दोघं हसलो. मास्तर, माझ्या सगळ्या मास्तरकीत असा विद्यार्थी मला मिळाला नव्हता, आणि तो तीस वर्षं माझ्याच घरात भाकऱ्या थापत होता. मला इतका आनंद झाला की मी तिला तुमच्या कागदावरची माझी रेघ दाखवली. तिथंच माझं चुकलं म्हणा, की बरोबर केलं म्हणा.

तिनं बोट ठेवून ती रेघ सावकाश वाचली, जशी तुम्ही फळ्यावर वाचायचात तशी. "हा आपण आलो तो दिवस. इथं वाढतंय. हा सगळ्यात वाईट आठवडा, ते जोशांचं घर रिकामं झालं तो. मग इथून..." बोट खाली यायला लागलं. "अहो, पण ही खाली येतेय." म्हटलं, हो. "हिच्यात भोकही नाही षष्ठीचं. खरोखरच खाली येतेय." म्हटलं, हो, येतेय, पण अजून टेकलेली नाही. "कधी टेकणार?" मला तुमची राखेतली रेघ आठवली. ती म्हणाली, "एरवी काय कल्याणात माणसं मरत नाहीत? टेकेपर्यंत थांबायचं तर नातू इथं माळावरच मुंजीचा होईल." मी भावाचं नाव काढलं. म्हटलं, तो परतला तेव्हाही अशीच उतरत असेल आणि मग चढली असेल. तिनं हळूच विचारलं, "तेव्हा ठिपके दिले होतेत?" "नाही." "मग कशावरून म्हणता?" आवाजात टोचणी नव्हती, खरंच विचारत होती. मला चिडायला काहीतरी हवं होतं, तेही मिळालं नाही. मी म्हटलं, शेतवाल्या म्हाताऱ्याची बायको आहे, सुनांची सगळी बाळंतपणं तिनं केलीत, परवाच तो सांगत होता. ती म्हणाली, "तिच्या सुना तिच्या डोळ्यांपुढे नांदल्या. आपली पोर तिनं अजून बघितलेलीही नाही. आणि पायांवर ही सूज." चिंचोक्यांचे ढीग मधे तसेच.

मुलगी मागच्या बाजेवर पडून होती. झोपलीय असं आम्ही धरून चाललो होतो. लहानपणी तिला मी पाटीवर बे एके बे शिकवलं, पुढं लग्न झालं, तेवढीच तिची शाळा. पण बाप गणिताचा मास्तर याचा तिला भारी अभिमान, सासरीसुद्धा सांगते म्हणे, आमचे अप्पा कधी अंदाजानं बोलायचे नाहीत. ती कोपरावर उठली. चेहरा सुजलेला, ओठ सुकलेले. गाडीवाला तेवढ्यात बाहेर येऊन खाकरला होता, परवाचं पक्कं करायला. तिनं आईकडे बघितलं नाही, माझ्याकडेच बघितलं. "अप्पा, मला नुसतं एवढं सांगा, रेघ काय म्हणते? तुम्ही सांगाल तसं. मग मी भिणार नाही."

मी कागद उचलला. उगाच डोळ्यांजवळ धरला, पाठ होता तरी. आणि म्हटलं, "थांब म्हणते."

"मग थांबू या," ती म्हणाली आणि आडवी झाली. इतकी निवांत की थोड्या वेळात तिचा डोळा लागला. मी बाहेर जाऊन गाडीवाल्याला नको म्हणून सांगितलं. आत आलो तर बायको चिंचोके गोळा करत होती. तिनं कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आता तिला वाचता येतं, मास्तर. कालपर्यंत येत नव्हतं, तेव्हा मी तिला काहीही सांगू शकलो असतो. पण कागदाचं तिनं काही काढलं नाही. डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "त्या म्हातारीकडे जाऊन येते. पोर तिला दाखवून ठेवलेली बरी."

ती गेली आहे. मुलगी झोपली आहे. हे पत्र धाडायला जागा नाही, असती तरी धाडलं नसतं, कारण पुढची ओळ तुम्ही वाचू नये असं मला वाटतं. रेघ थांब म्हणत नव्हती. मी म्हणालो.